फाटकापाशी थांबणारा कायदा

टिल्डन जेवणानंतर येणार होता आणि एडविननं आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

सकाळी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसला होता, तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. मग बाहेर कबरस्तानात, बोहुमिलच्या अजून न बसलेल्या मातीपाशी. पण आईनं वाकून एक तण उपटलं, हात झटकले आणि म्हणाली, "चल, सूप उतू जाईल." सूप चुलीवर नव्हतंच, त्यालाही ठाऊक होतं. बापाच्या कबरीपाशी मुलानं काही बोलावं, अशी तिची इच्छा नव्हती एवढंच.

आता त्याची आई लुडमिला कोंबडीच्या सुपात घरच्या शेवया सोडत होती आणि रोझाली, एडविनची बायको, ताटं मांडत होती. ताटं जरा जोरातच वाजत होती. एडविन काय करणार आहे हे रोझालीला काल कळलं होतं.

"तू सांगतोस की मी सांगू?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"ब्लाझा येऊ दे. दोघींना एकदमच सांगतो."

"म्हणजे ओरडाही एकदमच खाशील. बरं आहे."

ती फार हसायची, पूर्वी. शहरात त्यांचं स्वतःचं घर होतं, मागं पीचची झाडं होती. तेल महाग होतं तेव्हा एडविननं एकामागून एक तेलविहिरी खोदायचे तीन रिग घेतले, माणसं ठेवली, टेक्सासच्या पश्चिमेकडून कामं येत होती. मग भाव घसरायला लागला. आणखी थोडे दिवस तग धरला की सुधारेल, या आशेवर त्यानं घर विकून तो पैसा कामगारांच्या पगारात घातला. त्या विक्रीवर रोझालीची सही लागत होती. तिनं केली. यंदाच्या जानेवारीत तेल मातीमोल झालं, बँकेनं तिन्ही रिग ओढून नेले, आणि हे दोघं मुलांसकट आईच्या घराच्या माडीवर राहायला आले. बोहुमिल कर्जाला जामीन राहिला होता. मार्चमध्ये वासरांच्या कुंपणापाशी छातीत कळ येऊन तो गेला. जामिनकी तशीच राहिली.

एडविनची बहीण ब्लाझेना नवऱ्यासोबत व्हिक्टोरिया शहरातून आली. हातात जर्दाळूचे कोलाचे, मध्ये गोड सारण भरलेले छोटे पाव, होते. आईच्या खसखशीच्या कोलाच्यांपुढं ते कुणी खाणार नाही हे माहीत असूनही ती दरवेळी आणायची. नवरा गॅरेट, जमिनीच्या मालकीहक्कांचा वकील. तो ओर्साक कुटुंबाची चेक भाषा बोलायचा नाही, त्यांचा पोल्का नाच नाचायचा नाही, आणि बारा वर्षं झाली तरी त्यांच्या टेबलावर त्याला टोकाचीच खुर्ची मिळायची.

सूप संपलं तसं एडविननं घसा खाकरला.

"आई, आज बँकेचा टिल्डन येतोय. कागद घेऊन."

लुडमिलानं कोबीची वाटी पुढं सरकवली. "कसले?"

"तुझ्या सहीचे. हे बघ, बाबा जामीन होते. म्हणजे आता सगळं देणं या जमिनीवर आलंय. त्यांनी कोर्टात नेलं तर शेरीफ येईल, कचेरीच्या पायऱ्यांवर लिलाव होईल, नाव छापून येईल. त्यापेक्षा टिल्डन म्हणतो, तू सगळे नव्वद एकर आणि घर गुपचूप बँकेच्या नावानं करून दे. ते माझा पिच्छा सोडतील. आणि…" इथं त्याचा आवाज थोडा वर आला, कारण हा भाग त्यानं स्वतःच्या हिकमतीनं मिळवला होता, "आणि तू मरेपर्यंत या घरात राहायचं. लेखी देतायत. ते मी मागून घेतलंय."

ब्लाझानं काटा खाली ठेवला. "तू मागून घेतलंस!"

"नाहीतर रस्त्यावर काढतील तिला! तू येतेस महिन्यातून एकदा कोलाचे घेऊन. इथं निभावायचं मला आहे."

"निभावलंस की! तीन रिग, एक घर आणि बाबा."

"ब्लाझा," लुडमिला म्हणाली. तेवढंच. पण ब्लाझानं काटा पुन्हा उचलला, आणि एडविनच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला.

टोकाच्या खुर्चीवरून गॅरेट बोलला. "एडविन, जे तुझ्या आईचंच आहे, तेच तो माणूस तिला बक्षीस देतोय."

"काय म्हणायचंय?"

"मरेपर्यंत राहायचा हक्क. तो तिला आहेच. नुसता राहायचाच नाही, हे घर आणि ही जमीन तिच्याकडून कुणी ओढून नेऊ शकत नाही. होमस्टेड आहे हे."

"होमस्टेड म्हणजे ती कराची सूट," एडविन वैतागून म्हणाला. "दरवर्षी त्या कचेरीतून येते ती."

"ती त्याचीच धाकटी बहीण. घराच्या किमतीतला थोडा भाग करासाठी धरत नाहीत. आई पासष्टच्या वर आहेत म्हणून शाळेचा कर आहे तिथंच गोठलाय, पुढं वाढणार नाही. ते वेगळं. मी बोलतोय ते राज्यघटनेतलं. खेड्यातल्या कुटुंबाचं राहतं घर आणि भोवतीची जमीन. घर घ्यायलाच काढलेलं कर्ज असेल, घराच्या बांधकामाचं रीतसर लिहून दिलेलं देणं असेल, कर थकला असेल, तर गोष्ट वेगळी. बाकी कुणीही सावकार असो, कितीही देणं असो, या फाटकापाशी थांबतो. तुमचे बाबा रिगला जामीन होते. रिग म्हणजे घर नव्हे."

"बँकेला हे माहीत नसेल?"

"चांगलं माहीत आहे. म्हणून तर रविवारी येतोय, कोलाचे खायला. सोमवारी शेरीफला घेऊन नाही."

एडविन हसला, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं. आठ आठवडे तो रोज पहाटे जागा होऊन आईला पिशव्यांसह फाटकाबाहेर उभी बघत होता. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. तेच रंग उडालेलं फाटक, गुरांनी ओलांडू नये म्हणून जमिनीत आडव्या पुरलेल्या त्याच लोखंडी नळ्या. त्या भुक्कड फाटकाशी एवढी मोठी बँक थांबते? त्याच्या अंगावर काटा आला. आणि मग राग आला, कारण हे त्याला गॅरेटनं सांगितलं होतं.

"तुला या जमिनीत रस आहे म्हणून तू…"

"बाबांनी सगळं आईंच्या नावानं ठेवलंय," गॅरेट शांतपणे म्हणाला. "मला यातून कोलाचेसुद्धा मिळत नाहीत. तुम्ही लोक मला जर्दाळूचेच देता."

रोझाली फिसकन हसली. जानेवारीपासून पहिल्यांदाच.

लुडमिला मात्र हसली नाही. तिनं हात मांडीवर ठेवले होते आणि ती जावयाकडे अशी बघत होती, जणू तो आत्ताच दारातून आत आलाय.

"शेरीफ आला तर?" तिनं विचारलं.

"तुमच्या घरावर जप्ती आणताच येणार नाही त्याला."

"म्हणजे कुणीतरी वर सांगायला लागेल? ओळख लागेल?"

"नाही आई. कुणाची मेहरबानी नाही. टेक्सास स्वतःचं राष्ट्र होतं तेव्हापासूनचं आहे हे. मागं सोडलेल्या घराच्या दारावर 'टेक्सासला गेलो' असं खडूनं लिहून कर्जातून पळून आलेले लोक होते सगळे. तेच कायदा करायला बसले. काय लिहिणार दुसरं?"

लुडमिलानं ताटातला काटा सरळ केला. मग म्हणाली, "माझ्या आजीला ताप होता. तिकडं, चेक लोकांच्या मोरावियात. जमीनदाराचा माणूस आला देणं वसूल करायला. घरात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं तिच्या अंगाखालची पिसांची गादी ओढून नेली. आई तेव्हा पाच वर्षांची होती, कोपऱ्यात उभी होती. तिला जन्मभर वाटायचं, कुणी दार वाजवलं की गादी नेणार." तिनं टेबलावर तळवा टेकवला, लाकूड आहे की नाही बघावं तसा. "आणि इथं हे होतं. इतकी वर्षं. आम्ही त्याच्यावर झोपत होतो आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं."

ब्लाझाला वाटलं, आई रडेल. आई रडली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे ब्लाझानं फक्त नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेत पाहिलं होतं. ब्लाझानं नकळत नवऱ्याचा हात धरला. हा माणूस रोज संध्याकाळी जमिनींच्या कंटाळवाण्या गोष्टी सांगायचा आणि ती भांडी घासत हं हं म्हणायची.

रोझालीचं मात्र त्या सगळ्यात दुसरंच चाललं होतं. शहरातलं घर विकताना सह्या घ्यायला आलेला माणूस तिला आठवत होता. नवऱ्याला बाहेर बसवून त्यानं तिला एकटीला विचारलं होतं, तुमची मर्जी आहे ना? तिला ते उगाचचं नाटक वाटलं होतं. आता कळत होतं की राहतं घर बायकोच्या मर्जीशिवाय विकता येत नाही, आणि तिच्या घराच्या दारात हा कायदा तिलाही भेटायला आला होता. तिनंच त्याला जा म्हटलं होतं.

"आणि पावलास?" ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"आल्फोन्स पावलास. एडविनच्या तेलविहिरी खोदायला लागणारं पाणी कुणी वाहिलं? बाबांच्या शब्दावर वाहिलं त्यानं, कागद नाही काही नाही. त्याचे दोन्ही ट्रक गेले. या फाटकापाशी तोही थांबणार का?"

गॅरेटनं रुमालानं तोंड पुसलं. "हो," तो म्हणाला. "कायदा सावकाराचं तोंड बघत नाही. तोही."

त्यानंतर कोंबडी कुणाला गेली नाही.

*

टिल्डन आला तेव्हा त्यानं गाडी फाटकाबाहेरच लावली आणि चालत आला. एडविनला ते विचित्र वाटलं. टिल्डन वाईट माणूस नव्हता. जवळच्या केरो गावचा, कापसाच्या जिनवाल्याचा मुलगा. ओसरीवर त्यानं हॅट काढली, बोहुमिलबद्दल चार शब्द बोलला, ते खरे होते. मग कागद काढले.

"ओर्साकबाई, एडविननं सांगितलंच असेल."

"सांगितलं. पण हे घर माझं आहे म्हणतात."

टिल्डननं गॅरेटकडं पाहिलं आणि त्याला काय ते समजलं. "तुमच्या यजमानांनी आम्हाला लिहून दिलंय की तुमचं राहतं घर शहरातलं आहे. ब्रिज स्ट्रीटवरचं. हे शेत नाही."

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एडविननं कागदावर वाकून बापाची सही पाहिली. बोहुमिलनं त्याच्यासाठी खोटं लिहून दिलं होतं. जन्मात ज्यानं वजनकाट्यावर बोट ठेवलं नाही, त्यानं.

"ब्रिज स्ट्रीटवर भाडेकरू राहतात," लुडमिला म्हणाली. "माझ्या नणंदेचं घर ते, ती गेल्यावर आमच्याकडं आलं, तेव्हापासून. टिल्डन, मी मुलं जन्माला घालायला दवाखान्यात गेले तेवढीच या घराबाहेर झोपलेय. शहरातल्या घरात चुलीला काडी कुठं लावायची तेसुद्धा मला माहीत नाही."

"कागदावर…"

"कागदावर तिची सही आहे?" गॅरेटनं विचारलं.

टिल्डननं शेवटचं पान उलटलं, तिथं बोहुमिलची एकट्याचीच सही होती.

"घर कुठलं, हे माणूस कुठं जेवतो-झोपतो यावरून ठरतं. ही बाई इथं चुलीपुढं उभी असताना कागद म्हणतो ती तिकडं आहे! कुठल्या न्यायाधीशाला सांगाल?"

टिल्डननं कागद गुडघ्यावर ठोकून सारखे केले. एडविनला वाटलं आता तो चिडेल. पण तो अंगणाकडं, अक्रोडासारखी फळं देणाऱ्या पेकानच्या झाडांकडं, वाळत घातलेल्या पोरांच्या कपड्यांकडं बघत राहिला.

"मी या महिन्यात बरीच घरं फिरलो," तो म्हणाला. "ट्रक घेतले, गुरं घेतली, एकाची विमानाची शेड घेतली. काल एका माणसानं मला स्वतःच्या हातानं ट्रॅक्टरची किल्ली दिली आणि मग घरात जाऊन जेवायला बसला. जाळीच्या दारातून दिसत होता मला. मी बाहेर उभा, आणि तो आत वाटाणे वाढून घेतोय. सगळं नेलं होतं मी त्याचं. आणि तो उंबरा मला ओलांडता येत नव्हता." त्यानं हॅट हातात फिरवली. "माझ्या आईचं घर आहे केरोला. बँकच बुडायला आलीय आता, नोकरीचं काही सांगता येत नाही. त्या घरासमोरून गेलो काल, आणि गाडी थांबवून बघत बसलो."

लुडमिलानं त्याच्यापुढं खसखशीचे कोलाचे ठेवले. "शहरातलं घर घ्या. त्यात मी राहत नाही, ते माझं नाही. त्याचा कागद गॅरेट करून देईल."

"बाकीच्यासाठी आम्ही एडविनच्या मागं लागू."

"लागा," एडविन म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच नवा वाटला. "माझ्या नावावर एक पिकअप आहे आणि बूट आहेत. पण आईकडं पुन्हा येऊ नका. माझ्यामार्फतसुद्धा."

टिल्डननं दोन कोलाचे खाल्ले, एक रुमालात बांधून घेतला आणि आला तसा चालत फाटकाबाहेर गेला.

*

तो गेल्यावर ब्लाझानं आईला मिठी मारली. रोझाली एडविनच्या शेजारी पायरीवर बसली, थोडं अंतर ठेवून, पण बसली. लुडमिला आत गेली आणि चर्चची टोपी घालून बाहेर आली.

"एडविन, गाडी काढ. पावलासकडं जायचंय." मग मुलीकडं वळली. "ब्लाझा, नदीकाठचे तीस एकर मी आल्फोन्सला देणार आहे."

ब्लाझा एक पाऊल पुढं आली. नदीकाठच्या त्या तुकड्यावर पेकानची सगळ्यात जुनी झाडं होती. तिथं घर बांधून देईन असं बाबा ती दहा वर्षांची असल्यापासून म्हणत आले होते.

"ते माझे आहेत."

"होते. तोंडी."

"आत्ताच तर वाचलं सगळं! आत्ताच गॅरेटनं वाचवलं! कायदा म्हणतो…"

"तुझी सही लागत नाही त्याला. सगळं माझ्या नावावर आहे. म्हणूनच विचारतेय."

ब्लाझानं गॅरेटकडं पाहिलं. त्यानं बोलावं, काही कलम काढावं, असं तिला वाटलं. तो बुटांकडं बघत होता. मदत आली ती एडविनकडून, आणि तिनं ती अपेक्षिली नव्हती.

"आई, नको. तिचं नको देऊस. माझ्या पापासाठी तिचं का? मी पावलासकडं राबेन, फेडेन."

"किती वर्षं? तो सदुसष्ट वर्षांचा आहे."

ब्लाझा भावाकडं बघत होती. दुपारी जेवताना तिनं त्याला बापाच्या मरणाचा धनी केलं होतं, आणि तो तिच्या झाडांसाठी भांडत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा तिला रागही आला.

"दे," ती म्हणाली. "पण पेकान वेचायला मी येणार. सांग त्याला."

पावलास घरामागं पिंजऱ्यातल्या सशांना चारा घालत होता. ट्रक उभे राहायचे तिथं तेलाचे डाग होते फक्त. एडविनला बघून तो वळला नाही. लुडमिलाला बघून वळला.

तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, चार वाक्यांत.

पावलासनं चारा खाली ठेवला. "लुडमिला, मी विचारून आलोय कचेरीत. मला माहीत आहे. तू माझं काही देणं लागत नाहीस. तुझ्या घराला मला हात लावता येत नाही."

"बरोबर. तुला माझ्याकडून घेता येत नाही. मी देऊ नये, असं कुठं लिहिलंय?"

"बँकेला दिलंस?"

"बँक मागायला आली होती. तू आला नाहीस."

म्हाताऱ्यानं हात पँटला पुसले. त्याची बायको जाळीच्या दारात आली होती. तिनं ॲप्रनचं टोक तोंडावर धरलं. एडविन हे सगळं गाडीच्या दाराला धरून बघत होता. दुपारी त्याला वाटलं होतं की कायद्यानं आईला एका भिंतीमागं ठेवलं. आता तीच बाई, चर्चच्या टोपीत, टाचा झिजलेल्या बुटांत, भिंतीबाहेर येऊन उभी होती. तिला कुणी आणलं नव्हतं. कुणी आणूच शकत नव्हतं, म्हणून तिचं येणं एवढं मोठं दिसत होतं. त्यानं आईला आयुष्यभर पाहिलं होतं, पण इतकी उंच कधी पाहिली नव्हती.

"झाडांखालचे पेकान ब्लाझा वेचणार," लुडमिला म्हणाली.

"निम्मे," पावलास म्हणाला. आणि मग टोपी काढून त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

*

जूनमध्ये कागद झाले. कुंपण घालायला पावलासला माणूस हवा होता, एडविन गेला. त्यानं मजुरी विचारली नाही आणि पावलासनं, शनिवारी, न विचारता दिली.

नदीपासून वर, टेकाडापर्यंत, सीडरचे खांब रोवत ते आले. ऊन होतं. पावलास तार ताणत होता, एडविन खांब धरून होता.

"नीट धर," म्हातारा खेकसला. "तुझ्याकडं कलतोय. हद्द आहे ही."

एडविननं खांब सरळ केला आणि घाम पुसायला मान वर केली. टेकाडावरून घर दिसत होतं. पत्र्याचं छप्पर, ओसरी, दोरीवरचे कपडे, मागच्या दारातून टोपली घेऊन बाहेर पडणारी रोझाली. या टेकाडावर तो पोर होता तेव्हापासून हजारदा उभा राहिला होता. पण जन्मात पहिल्यांदा तो ते घर दुसऱ्याच्या जमिनीवरून बघत होता, आणि बघतच राहिला.

"काय झालं?" पावलासनं विचारलं.

"काही नाही," एडविन म्हणाला, आणि हातोडा उचलला.